‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस : हिशेब आणि वस्तुस्थिती

सन्माननीय देणगीदार व हितचिंतकांकडून येणाऱ्या पत्रांत एक सूचना वारंवार आढळते. पोशीर, कळंब, कशेळे या पट्ट्यातील गावांत व वाड्यावस्त्यांवर शिबिरे भरवावीत आणि प्रत्येक वृद्ध स्त्रीपुरुषास ‘ड’ जीवनसत्त्वाचे सहा लक्ष एककांचे एक इंजेक्शन द्यावे. खर्च आम्ही सोसू, अशी ती सूचना आहे. सूचनेमागील कळवळा खरा आहे. एक सुई, वर्षभराची निश्चिंती आणि लाभार्थ्यांचा मोठा आकडा. अहवालात छापावयासही हे शोभून दिसेल. तथापि आपल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय समितीने ही सूचना स्वीकारलेली नाही. देणगी नाकारताना तिचे कारण सांगणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषध कोणाला व किती द्यावे हा निर्णय डॉक्टरांचा. मात्र खरेदीची बिले, साठ्याची नोंदवही आणि निर्धन रुग्ण निधीचा जमाखर्च रोज नजरेखालून जात असल्याने या प्रश्नातील अंकगणित पडताळून पाहण्याची सवय जडली. हे अंकगणित एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते, ही बाब पुढे ओघाने येईलच.

प्रथम एक स्वाभाविक शंका. वर्षाचे आठ महिने लख्ख ऊन असणाऱ्या प्रदेशात या जीवनसत्त्वाची उणीव भासावीच का? त्वचेवर पडणाऱ्या सूर्यकिरणांतील एका विशिष्ट पट्ट्यातील अतिनील किरणांमुळे हे जीवनसत्त्व शरीरात तयार होते. म्हणजे ऊन गावात पडून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते. याचा फार जुना दाखला आपल्याच महाराष्ट्रातील आहे. नाशिक भागात हचिसन व शहा या वैद्यकांनी मुडदूस या विकाराचा अभ्यास करून १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांत दूधतूप होते परंतु स्त्रिया व मुले पडद्याआड राहत, तेथे हाडे वाकण्याचा विकार आढळला. ज्यांच्या पानात धड अन्न नव्हते परंतु आया मुलांना घेऊन शेतावर राबत, त्यांच्यात तो क्वचितच दिसला. पुढे २०११ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी पंचवीस ते पस्तीस वयाच्या हजाराहून अधिक निरोगी तरुणतरुणींची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांची पातळी वीस नॅनोग्रॅमच्या खाली भरली.

आपल्या परिसराचे चित्रही याला धरूनच आहे. भातलावणी करणारी, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणारी कातकरी व ठाकर कुटुंबे उन्हात असतात. त्यांच्या व्यथा वेगळ्या आहेत. उलट पहाटेच्या अंधारात नेरळहून लोकल पकडणारा आणि रात्री परतणारा कारकून, ओसरीच्या पलीकडे न जाणारी आजी, आणि जून ते सप्टेंबरच्या झोडपणाऱ्या पावसात जन्मलेले मूल यांच्या अंगावर महिनोन्महिने ऊन पडत नाही. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे, कारण आवश्यक किरण काच अडविते. कोवळ्या उन्हाविषयीची आपल्याकडील श्रद्धाही येथे थोडी बाजूस ठेवावी लागते. सूर्य क्षितिजाशी असताना हे किरण पृथ्वीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाचे, म्हणजे साधारण अकरा ते दोनच्या दरम्यानचे ऊन या दृष्टीने कामाचे, आणि सावळ्या त्वचेस ते अधिक वेळ लागते. वैशाखात त्या वेळी म्हाताऱ्या माणसास अंगणात बसा म्हणणे कठीण आहे, हे मान्यच.

आता मोजमापाकडे वळू. हे जीवनसत्त्व आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. चाळीस एकके म्हणजे एक मायक्रोग्रॅम. साठ हजार एककांच्या पुडीत प्रत्यक्ष औषध दीड मिलिग्रॅमच असते, बाकी सारे वाहक द्रव्य. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दररोज ६०० एककांची गरज असते. यावरून सहा लक्ष एककांचे एक इंजेक्शन म्हणजे एक हजार दिवसांची, पावणेतीन वर्षांची शिधा एका दिवशी घरात आणून टाकणे होय. गहू-तांदूळ असा भरता येतो. शरीराचे कोठार तसे चालते का, हा प्रश्न आहे.

पोटात गेलेले किंवा त्वचेत तयार झालेले हे द्रव्य यकृतात एक रूप घेते आणि रक्ताच्या तपासणीत मोजले जाते ते हेच. त्यानंतर मूत्रपिंडात त्याचे अंतिम, क्रियाशील रूप तयार होते, तेही शरीराच्या मागणीप्रमाणे. यकृतातील रूप रक्तातून निम्मे होण्यास दोनतीन आठवडे लागतात. रोज न घेता आठवड्यातून एकदा घेतले तरी चालते, त्याचे कारण हे. बाजारात क्रियाशील रूपाच्याही लहान गोळ्या मिळतात. त्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी व काही विशिष्ट विकारांसाठी असतात. सामान्य कमतरतेवर त्या देत नाहीत. दोन्हींची नावे जवळची असल्याने औषध घेताना चिठ्ठी नीट वाचून घ्यावी.

कमतरता भरून काढण्याच्या प्रचलित पद्धती मुख्यतः चार. आपल्या देशात सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे आठवड्यास साठ हजार एककांची एक पुडी किंवा कॅप्सूल, अशी आठ आठवडे. एकूण झाली ४,८०,००० एकके. अमेरिकेतील अंतःस्रावी विकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली प्रौढांसाठी आठवड्यास पन्नास हजार किंवा दररोज सहा हजार एकके, आठ आठवडे, असे सुचविले होते. आपल्याकडे साठ हजारांची मात्रा मिळते, म्हणून तीच रूढ झाली. दुसरी पद्धत रोज एक ते दोन हजार एककांची गोळी, दीर्घकाळ. दररोज दोन हजार प्रमाणे तीन महिन्यांत १,८०,००० होतात. म्हणजे भरपाई संथ, परंतु चढउतार नाही. तिसरी पद्धत महिन्यास एक पुडी. साठ हजार भागिले तीस, दिवसाला दोन हजार. वहीत दुसरी व तिसरी पद्धत तंतोतंत सारख्या दिसतात. चौथी पद्धत तीन किंवा सहा लक्ष एककांचा एकच मोठा डोस, तोंडावाटे वा इंजेक्शनने.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहता चौथी पद्धत निर्विवाद सरस ठरते. रुग्ण विसरण्याचा प्रश्न नाही, पुन्हा येण्याचे भाडे नाही. परंतु गेल्या वीस वर्षांत जगभर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी हा ताळेबंद फेटाळला आहे.

इंग्लंडमधील वेसेक्स भागात पंचाहत्तर वर्षांवरील ९,४४० स्त्रीपुरुषांना तीन वर्षे दरवर्षी तीन लक्ष एककांचे किंवा औषधविरहित इंजेक्शन देण्यात आले. २००७ साली निष्कर्ष आले : हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले नाही, खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत उलट अधिकच भरले. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांना वर्षातून एकदा पाच लक्ष एकके तोंडावाटे दिली होती. ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात पडण्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे प्रमाण सव्वीस टक्क्यांनी जास्त आढळले. डोस दिल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पडण्याचे प्रकार विशेष वाढलेले होते. पाच लक्ष भागिले तीनशे पासष्ट, म्हणजे दिवसाला चौदाशेहूनही कमी एकके. सरासरीत यात आक्षेपार्ह काही नाही. सरासरी निरुपद्रवी, आणि तरीही अपाय. वर ज्या मर्यादेचा उल्लेख केला ती ही. वार्षिक बेरीज सारखी असली तरी शरीर वार्षिक हिशेब ठेवत नाही.

याचे एक स्पष्टीकरण असे देतात की एकाच वेळी मोठा साठा आला की तो मोडून टाकणारी यंत्रणा शरीर वेगाने कामास लावते, आणि ती यंत्रणा नंतरही काही काळ चालूच राहते. याशिवाय पुष्कळ दिवस घरात बसलेले माणूस जरा बरे वाटताच हिंडूफिरू लागते व पडते, असेही काही तज्ज्ञांनी सुचविले आहे. ज्याने घरात वृद्ध माणूस सांभाळले आहे त्यास हे अगदीच अशक्य वाटणार नाही.

महिन्याच्या डोसाविषयी चित्र मध्यम आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे पूर्वी एकदा पडलेल्या, सत्तरीपुढील दोनशे व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात (२०१६) महिना चोवीस हजार एकके घेणाऱ्यांपैकी सुमारे अठ्ठेचाळीस टक्के लोक वर्षभरात पडले. महिना साठ हजार घेणाऱ्यांपैकी सुमारे सदुसष्ट टक्के. पायांची शक्तीही अधिक डोसाने अधिक सुधारली नाही. दुसऱ्या बाजूस, ऑस्ट्रेलियातच साठ वर्षांवरील एकवीस हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षे दरमहा साठ हजार एकके देऊन झालेल्या चाचणीत मृत्युदर कमी झाला नाही, असे २०२२ साली जाहीर झाले. अमेरिकेत रोज दोन हजार एकके घेणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक सर्वसामान्य प्रौढांच्या चाचणीतही अस्थिभंग टळल्याचे दिसले नाही. यातील बहुतेकांना मुळात मोठी कमतरता नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. ज्याचे खाते भरलेले आहे त्यात आणखी भर घालून काही साधत नाही. ज्याचे रिकामे आहे त्याची गोष्ट निराळी.

रिकाम्या खात्याविषयी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा २००८ सालचा एक छोटा अभ्यास प्रस्तुत लेखकास या सर्व मोठ्या चाचण्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो. कमतरता असलेल्या परंतु तक्रार नसलेल्या व्यक्तींना आठ आठवडे साठ हजारांची साप्ताहिक मात्रा कॅल्शियमसह दिली. पातळी उत्तम वाढली. त्यानंतर औषध थांबविले आणि वर्षाने पुन्हा रक्त तपासले, तर बहुतेक सर्वजण जेथून निघाले तेथेच परत आले होते. आठ पुड्यांचा ‘कोर्स’ पूर्ण झाला की आजार संपला, ही आपल्याकडील रूढ समजूत या अभ्यासाने मोडीत निघते. राहणी तीच, ऊन तितकेच, आहार तोच; मग पातळी टिकावी कशाच्या बळावर? म्हणून आठ आठवड्यांनंतर लहान नियमित मात्रा, बहुधा रोज एक ते दोन हजार एककांची, चालू ठेवावी लागते. दररोज गोळी घेणे ज्याला जमत नाही त्याला डॉक्टर महिन्याची पुडी देतात. वारंवार पडणाऱ्या वृद्धास मात्र तसे करण्यापूर्वी दहादा विचार करतात.

इंजेक्शनाचा धोका केवळ पडण्यापुरता नाही. तोंडावाटे घेतलेला डोस काही दिवसांत रक्तात उमटू लागतो. स्नायूत दिलेला मात्र हळूहळू, कित्येक आठवडे झिरपत राहतो. पंधरा दिवसांत कंबरदुखी थांबली नाही की रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तेथेही तेच इंजेक्शन मिळते, आणि पहिल्याचा कागद कोणाजवळ नसतो. हा कल्पनाविलास नाही. काश्मीर हा या जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी ओळखला जाणारा प्रदेश. तेथील श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली, वारंवार सहा-सहा लक्षांची इंजेक्शने घेऊन विषबाधा झालेल्या प्रौढ रुग्णांची मालिकाच प्रसिद्ध केली. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, फार तहान, वारंवार लघवी, भ्रमिष्टपणा आणि अखेरीस मूत्रपिंडांना इजा असा हा क्रम आहे. शरीरातील चरबीत साठा असल्याने औषध थांबविले तरी त्रास आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. मुतखड्याचा इतिहास असलेल्यांनी, तसेच क्षयरोग्यांनी विशेष जपावे. क्षयाच्या गाठी मूत्रपिंडाचे नियंत्रण टाळून स्वतःच क्रियाशील रूप तयार करू शकतात. आपल्या भागातील वाड्यांवर क्षयरोग आहे, हे सांगणे न लगे. शिबिराच्या रांगेत उभ्या असलेल्या वृद्धाच्या छातीत काय आहे हे सुई टोचणाऱ्यास कसे कळावे? समितीने सूचना नाकारण्यामागे हे कारण सर्वांत वजनदार होते.

इंजेक्शनास मुळीच स्थान नाही असे मात्र नव्हे. ज्यांच्या आतड्यांत स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत, किंवा ज्यांची त्या प्रकारची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांच्यासाठी तोच मार्ग उरतो. तो व्यक्तिगत तपासणीअंती अवलंबिण्याचा मार्ग आहे.

बालकांविषयी थोडक्यात. मोठ्या डोसाची ही कल्पना मुळात जर्मन बालवैद्यकातील. पूर्व जर्मनीत तर अनेक वर्षे तान्ह्या मुलांना दर तीन महिन्यांनी सहा लक्ष एकके दिली जात, आणि त्यातील अनेकांच्या रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेल्याचे नंतर दिसून आले. मुडदुसावर २०१६ साली झालेल्या जागतिक सहमतीनुसार वर्षाखालील बालकास रोज दोन हजार एकके किमान बारा आठवडे, सोबत आहारातून वा औषधातून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, हा प्रथम पसंतीचा उपचार होय. एकाच डोसाचा पर्याय तेथेही आहे, परंतु तीन महिन्यांवरील बाळास केवळ पन्नास हजार, एक ते बारा वर्षांच्या मुलास दीड लक्ष आणि त्यापुढे तीन लक्ष, इतकाच. वीटभट्टीवर निघालेल्या आणि सहा महिने न दिसणाऱ्या कुटुंबातील मुडदूस झालेल्या मुलास आपले बालरोगतज्ज्ञ हा पर्याय देतात. बारा आठवडे रोज थेंब पाजण्याची अपेक्षा तेथे व्यर्थ आहे. निरोगी तान्ह्या बाळास पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब पुरतात. मात्र बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० एकके आणि ८०० एकके अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या असतात. बाटली बदलली की माप बदलते.

तपासणीबाबतही एक शब्द लिहिणे भाग आहे, कारण तिचे उत्पन्न प्रयोगशाळेच्या खात्यात जमा होते आणि त्या खात्याची बाजू मांडणे वास्तविक प्रस्तुत लेखकाचे काम. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेने २०११ साली तीस नॅनोग्रॅमची रेषा आखली होती. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात तिने त्या रेषेचा पुरस्कार थांबविला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे सांगितले. पन्नाशीपुढील व्यक्तींस मोठ्या अंतराने मोठे डोस देण्याऐवजी रोजची लहान मात्रा द्यावी, असेही त्यात आहे. अनेक छापील अहवालांत तीसच्या खालचा आकडा अजूनही ठळक अक्षरांत येतो आणि चोवीस पातळीचा धडधाकट माणूस घाबरून जातो. वीसच्या वर बहुतेकांच्या हाडांची गरज भागते, असे अमेरिकेच्याच वैद्यक संस्थेने २०१० साली सांगितले होते. तपासणी हवी ती हाडांच्या वेदना, स्नायूंची दुर्बलता, यकृत-मूत्रपिंडाचे विकार, अपस्मारावरील औषधे दीर्घकाळ चालू असलेले रुग्ण अशांना.

कॅल्शियम नसेल तर यापैकी कोणतीही पद्धत हाडांपर्यंत पोहोचत नाही. गवंडी आला, विटा नाहीत, अशी स्थिती होते. प्रौढास दिवसाकाठी १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते, तीळ तर त्याहून पुष्कळ समृद्ध, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी आपल्याकडे आठवडी बाजारात असतेच. पुण्यात तर जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधकांनी गरीब वस्तीतील लहान मुलांना कॅल्शियमयुक्त लाडू देऊन पाहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात हाडांतील खनिजाची वाढ चांगली झाली. औषधाला लाडवाचे रूप देण्याची ही युक्ती आपल्या आयांना सांगावी लागली नसती.

तेव्हा ज्या देणगीदारांनी इंजेक्शन शिबिरासाठी रक्कम देऊ केली होती, त्यांना संस्थेने पर्यायी विनियोग कळविला आहे. घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांसाठी आणि गर्भवती व तान्ह्या बाळांसाठी रोजच्या लहान मात्रेची औषधे, नाचणी व तिळाचा शिधा, आणि वाडीवर जाणाऱ्या परिचारिकेचा प्रवासखर्च. लाभार्थ्यांचा आकडा यात लहान दिसेल, कारण एकाच व्यक्तीस बारा वेळा भेटावे लागते.

औषध वितरण कक्षातील व्यवस्थाही सांगून ठेवतो. साठ हजारांच्या आठ पुड्या एकदम दिल्या जात नाहीत. ‘आठवड्यास एक’ हे ‘रोज एक’ असे वाचले गेल्यास आठ दिवसांत पावणेपाच लक्षांहून अधिक एकके पोटात जातील. म्हणून प्रथम चारच पुड्या देतात, प्रत्येकीवर वाराचे नाव शाईने लिहितात आणि जेवणानंतर दुधाबरोबर घेण्यास सांगतात. दूध नसेल तर तेलतूप असलेल्या जेवणानंतर, कारण हे द्रव्य स्निग्धांशासोबत शोषले जाते. चार रिकामी पाकिटे परत आणली की पुढील चार मिळतात. केसपेपरवर मागील इंजेक्शनाची तारीख लिहिण्यासाठी वेगळा रकाना छापून घेतला आहे. अन्यत्र घेतलेले इंजेक्शनही तेथे नोंदवावे, अशी सर्व रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना विनंती आहे.